छिद्रान्वेषण

शिवणकामाचा सगळा व्यवहार भोकांवर चालतो आणि पावसाळी जाकिटाची सगळी अब्रू भोकं नसण्यावर. या दोघांची गाठ घरच्या शिलाई मशीनवर घालून देणं म्हणजे काय, हे वळवाच्या सरीत अंगावर टाकायला एखादं हलकंसं जाकीट घरी शिवायला घेतल्याशिवाय कळत नाही. साधा हिशेब करा. टाका 3 मिलिमीटरचा धरला तर मीटरभर शिवणीत 333 भोकं. टोपी, बाह्या, मुंढे, खिसे, चेन मिळून 15 मीटर शिवण सहज होते. म्हणजे झाली 5,000. पाणी आत येऊ नये म्हणून हौसेने आणलेल्या कापडाला आपणच, चष्मा पुसून, दिवा जवळ ओढून, पाच हजार दारं पाडून द्यायची!

टाका बारीक तेवढी शिवण पक्की, हे आईचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. इथे ते चालत नाही. टाका बारीक केला की टपालाच्या तिकिटासारखी ती ओळ फाटायच्या तयारीत. आईला हे सांगितल्यापासून तिचा या प्रकल्पावरचा विश्वास उडाला आहे.

कापड 20 डेनियरचं नायलॉन, वर सिलिकॉनचा थर. 9,000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर; म्हणजे हा धागा नऊ किलोमीटर ओढत नेला तरी भरणार वीस ग्रॅम. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात ते कापड टेबलावर पसरलं की दुसऱ्या बाजूने जमिनीवर उतरतं. उचलून पुन्हा ठेवलं की पहिल्या बाजूने. टाचण्या लावायची सोय नाही, कारण टाचणीचं भोक पुढे बुजत नाही. म्हणून मग वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढून आणले आणि पंखा बंद करून घामाघूम होत कापड बेतलं. घरातले बाकीचे कपडे त्या दिवशी दोरीवरून उडाले, पण ते दुय्यम.

मशीनवर खरी मजा. दाते खालचा पदर पुढे ढकलतात, पण तो घसरतो. वरच्या पदराला दाबाचा फूट सोडत नाही, तो मागे राहतो. दोघं एकाच वेळी निघालेले असतात, पोचतात मात्र वेगवेगळ्या वेळी. खाली पातळ कागद घालून शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा, ही युक्ती चांगली आहे. फक्त कागदाचे बारके तुकडे टीपेत अडकून राहतात, ते जाकीट टिकेल तितके टिकणार. सुई मात्र बारीक हवी, 70 नंबरची, आणि दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा पाणी पितो आणि आतपर्यंत पोचवतो.

1823 साली चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांच्या मध्ये रबर घालून पाणी न शिरणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. ते रबर उन्हात चिकट व्हायचं, थंडीत ताठ व्हायचं, आणि शिंप्यांनी सुई चालवली की शिवणीतून पाणी ठिबकायचं. पुढच्या दोनशे वर्षांत मोठमोठ्या डोक्यांनी रबराचा प्रश्न सोडवला. शिवणीचा माझ्यासाठी ठेवला.

भोकं बुजवायला इस्त्रीने चिकटणारी पट्टी मिळते. पॉलियुरेथेनचा थर असलेल्या कापडावर ती बसते. सिलिकॉन मात्र बाहेरच्यांशी सोयरीक करत नाही. त्याला सिलिकॉनच लागतं. ते पातळ करून ब्रशने प्रत्येक शिवणीवर फासायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. सकाळपर्यंत घराला व्हिनेगरचा वास, आणि जाकिटाची पाठ पोटाला चिकटलेली. मग त्यावर तान्ह्या बाळाला लावावी तशी पावडर.

परीक्षा शॉवरखाली झाली. खांदे कोरडे, टोपी कोरडी, चेनीवरची पट्टीसुद्धा इमानदार. मी बाहेर येऊन विजयाने जाकीट काढलं तर सदरा चिंब. पाण्याने बाहेरून पाऊल टाकलं नव्हतं. घामाला आतून कुठे जाता आलं नव्हतं. हे कापड वाफही सोडत नाही. उन्हाळी जाकिटात हा गुण म्हणावा की दोष, हे ते किती वेळ घालायचं त्यावर आहे. दहा मिनिटांपर्यंत गुण.

यावर एकच उपाय: दोन्ही बगलांत चेन लावून हवेला वाट करून द्यायची. कात्री घेऊन बसलो तशी आई आली. जाकीट उलटसुलट करून म्हणाली, "बगलेत वीतभर खिडकी ठेवणारच होतास, तर रात्रभर ब्रश घेऊन काय रंगवत बसला होतास रे?"

मी काही बोललो नाही. दोन्ही चेना दातांत धरल्या होत्या.