फोन असताना खिशात कॅमेरा कशाला?

मी कट्ट्यावर कॅमेरा बाहेर काढला आणि वकिलाने तिथेच धरलं. "फोन असताना हे दुसरं ओझं कशाला बाळगतोस? फोन कायम जवळ असतो. बटण दोनदा दाबलं की कॅमेरा सुरू. हल्लीचे फोन तर तू दाबायच्या आधीपासूनच फ्रेम साठवत असतात, आणि अंधारात अनेक फ्रेम एकत्र करून फोटो उजळून देतात. 2010 साली जगभरात 12 कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, त्यातले बहुतेक कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणारे. आज त्यातले किती उरलेत? लोकांनी निकाल दिलाय."

निकाल दिलाय, हे खरंच. वाढदिवस, प्रवास, बिलं, पाट्या, या सगळ्याला फोन पुरतो आणि पुरायलाच हवा. मी आधी सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा मुद्दा काढला. रिकोच्या जीआर 3 सारख्या कॅमेऱ्याचं वजन बॅटरी-कार्डासकट 257 ग्रॅम, आणि आत 23.5 गुणिले 15.6 मिलिमीटरचा सेन्सर. फोनमध्ये एवढा मावतच नाही. पण या मुद्द्यावर वाद जिंकण्यात मला रस नाही. दिवसाउजेडी काढलेला फोटो फोनच्याच पडद्यावर बघायचा असेल तर फरक बहुतेकांना कळणारही नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. रस्त्यावर अचानक काही घडतं ते एखाद-दुसऱ्या सेकंदात संपतं. तेवढ्या वेळात नजरेनेच काम केलं पाहिजे. बाकीचे निर्णय आधीच झालेले हवेत. फोन हातात घेतला की आधी आलेले निरोप दिसतात, मग लेन्स निवडायची, मग पडद्यावर बोट टेकवायचं. यातलं एकेक क्षुल्लक आहे, पण प्रत्येक ठिकाणी लक्ष समोरच्या दृश्यावरून उडतं.

"निर्णय आधी घेतलेले म्हणजे काय? फोकस तरी करावाच लागेल ना?" सॉफ्टवेअरवाला म्हणाला.

नाही लागत, आणि गंमत इथेच आहे. 28 मिलिमीटरइतकं रुंद दृश्य दाखवणारी लेन्स, एफ/8 (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक) आणि फोकस अडीच मीटरवर कायमचा ठेवला, तर साधारण सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. कॅमेरा उचलायचा आणि दाबायचं. ऑटोफोकसचा घोळ वेगाचा कमी आणि निवडीचा जास्त असतो. समोरून धावत येणारं पोर सोडून तो मागची भिंत पकडतो, आणि ते कळेपर्यंत पोर पुढे गेलेलं असतं.

"संध्याकाळी काय करणार? एफ/8 ला उजेड पुरेल?"

पुरत नाही. मग छिद्र मोठं करून एफ/2.8 वर यायचं, आणि दोन मीटरवर फोकस ठेवला तर दीड ते तीन मीटर एवढाच पट्टा हाती उरतो. अशा वेळी अंतराचा अंदाज नजरेत बसलेला लागतो. तो महिन्याभरात बसतो. ज्याला बसवायचा नाही त्याने अंधार पडल्यावर फोनच वापरावा, असं मी मनापासून सांगतो.

मास्तर इतका वेळ ऐकत होते. "यात नवीन काही नाही रे," ते म्हणाले. "ऑस्कर बारनॅकने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा पहिल्या महायुद्धाआधीच करून पाहिला होता. 1925 मध्ये लाइप्झिगच्या जत्रेत लायका आला तो त्यातूनच. माझ्याकडे ऑलिंपसचा एक्सए होता, 1979 चं मॉडेल, योशिहिसा मैतानींचं डिझाइन. पुढचं झाकण सरकवलं की कॅमेरा तयार, बंद केलं की लेन्स सुरक्षित. वेगळी पिशवी नको. पिशवीत गेलेला कॅमेरा घरी राहिल्यासारखाच."

ताईंनी मात्र विषयच फिरवला. "तुम्ही सगळे वेगाचं बोलताय. मला सांगा, समोरचं बघायचं की टिपत बसायचं? 2014 मध्ये मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा संग्रहालयातला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त."

प्रयोग मला ठाऊक होता. त्याचाच दुसरा भाग असा, की ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला त्यांची आठवण घसरली नाही. काय घ्यायचं ते ठरवून घेतलं की लक्ष टिकतं, असं मी त्यातून धरतो. ताईंना तेवढ्याने पटलं नाही.

"बरं, आणि ज्याचा फोटो काढता त्याचं काय? लहान कॅमेरा म्हणजे न विचारता घेण्याची सोय."

आख्ख्या चर्चेतला सगळ्यात जड मुद्दा हाच. अशा कॅमेऱ्याचं शटर जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि त्यामुळे मोह होतो. कमरेपाशी कॅमेरा लपवून फोटो काढणं मला मान्य नाही, कायदा आडवा येत नसला तरी. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणावा, समोरच्याला दिसू द्यावा. त्याने मान हलवून नको म्हटलं तर पुढे जावं, पुसून टाक म्हटलं तर तिथेच पुसावा. रडणारा, आजारी किंवा रस्त्यावर झोपलेला माणूस ही माझ्यासाठी फोटोची जागाच नाही. यावर सॉफ्टवेअरवाल्याने हरकत घेतली, की दिसू दिलं की माणूस सावध होतो आणि सहजपणा जातो. जातो कधीकधी. तेवढे फोटो सोडून द्यावेत.

"आणि काढून करायचं काय?" मास्तरांनी विचारलं. "रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्या व्हिव्हियन मायरने लाखावर निगेटिव्ह मागे ठेवल्या. हयातीत जवळपास कुणी पाहिल्या नाहीत."

"मग रिकामा कॅमेरा घेऊनच हिंडावं," ताई म्हणाल्या. "बघायची सवय तर तेवढ्यानेही लागेल."

नाही लागत. आपण काय बघायचं चुकवलं ते रिकामा कॅमेरा सांगत नाही. आठवड्याचे फोटो मोठ्या पडद्यावर सलग पाहिले की कळतं: हात मनगटाशी कापला गेलाय, डोक्यातून खांब उगवलाय, आणि सगळ्यात जास्त वेळा, एक पाऊल कमी पडलंय. 28 च्या रुंद लेन्समध्ये माणूस लांबचा दिसतो. जवळ जाण्यावाचून इलाज नाही. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप पुढे पडतो, ते आदल्या दिवशीचे फसलेले फोटो पाहिल्यामुळेच.

"मग 40 वाला घे की, त्यात माणूस जवळचा दिसतो," वकील म्हणाला. "2021 मध्ये जीआर 3 एक्स त्यासाठीच तर आला." वाद फोनवरून लेन्सवर घसरला, आणि त्यातही मी 28 सोडायला तयार नाही. 24 मेगापिक्सेलच्या फ्रेममधून 40 एवढा भाग कापून घेतला तरी 12 च्या आसपास उरतात. 40 ने काढलेल्या फोटोला मात्र कडेचं माणूस मागून जोडता येत नाही.