काच अडते म्हणून फ्यूज वाढवायचा नसतो

जुन्या गाडीच्या पॉवर विंडोवरचा एक मेसेज सध्या घरोघरी फिरतोय. धाकट्या काकांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'रविवारी करून बघतो.' म्हणून रविवारच्या आत हे लिहून टाकतोय.

मेसेजचं सार असं: काच हळू चढते म्हणजे मोटर गेली. तोवर काचेच्या रबरात इंजिन ऑइल सोडा. फ्यूज उडत असेल तर एक नंबर मोठा घाला, नाही मिळाला तर तांब्याची तार गुंडाळा. काच अडली तर दाराला बुक्की मारा. तरीही नाही जमलं तर डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) उघडा, आतला प्लास्टिकचा कागद फाडून टाका आणि मोटरचे स्क्रू काढून ती साफ करा. शेवटी मेकॅनिकांचं म्हणे 'गुपित': काचेचं मशीन (दाराच्या आत काच वर-खाली करणारी यंत्रणा) दुरुस्त होतच नाही, आख्खं बदलावं लागतं.

क्रम सोडून फ्यूजपासून सुरुवात करतो. बाकीच्या सल्ल्यांनी काच बिघडेल, फार तर बोट कापेल. याने गाडी पेटू शकते.

फ्यूज मोटरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. गाडी बनवणाऱ्याने वायरची जाडी बघून २० अँपिअरचा पिवळा फ्यूज दिला असेल, तर त्या वायरची ऐपत तेवढीच धरायची. आता ब्लेड फ्यूजचं (गाड्यांतल्या दोन चपट्या पायांच्या फ्यूजचं) आयएसओ ८८२०-३ हे मानक काय म्हणतं बघा. लिहिलेल्या आकड्याच्या ११० टक्के करंट फ्यूजने किमान १०० तास न उडता सोसला पाहिजे. १३५ टक्क्यांना तो पाऊण सेकंद ते १० मिनिटं यांत कधीही उडू शकतो. दुप्पट करंटला ०.१५ ते ५ सेकंद. म्हणजे फ्यूज मुळातच बराच सहनशील असतो. समजा अडलेली काच २८ अँपिअर ओढतेय. २० चा फ्यूज काही मिनिटांत उडेल. मेसेजवाल्याचा हिरवा ३० चा फ्यूज उडणारच नाही, तो ३३ अँपिअरसुद्धा १०० तास सोसायला बनवलाय. मग तापणार काय? वायर. तीही दार आणि ते ज्याला टांगलेलं असतं तो खांब यांच्या मधल्या रबरी नळीत, जिथे दर वेळी दार उघडताना ती वाकते आणि जिथलं आवरण आधीच तडकलेलं असतं. तांब्याच्या तारेबद्दल तर बोलायलाच नको, तिथे मर्यादा उरते फक्त बॅटरीची.

फ्यूज वारंवार उडत असेल तर ती रबरी नळी सरकवून आत बघा. आवरण फाटून तांबं पत्र्याला टेकत असेल किंवा हिरवट झालं असेल, तर दुखणं तिथेच आहे. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची, बारीक तारांची लवचिक वायर जोडायची. जोड वाकणाऱ्या भागात नको, दाराच्या आत किंवा खांबाच्या आत घ्या. सोल्डर वायरमध्ये झिरपून ती ताठ होते आणि वाकताना नेमकी जोडाच्या कडेला तुटते.

आता 'हळू म्हणजे मोटर गेली'. बहुतेक वेळा मोटर निर्दोष असते. एक तर काच घासतेय, नाहीतर मोटरला पुरता व्होल्टेज मिळत नाही. हे ठरवायला व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, मोटरच्या कपलरमध्ये (वायर जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात) मागून मीटरच्या दोन्ही पिना लावा आणि काच चढत असताना आकडा बघा. बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास आणि मोटरवर १२ च्या वर असेल तर वायरिंग ठीक, घर्षण शोधा. मोटरवर १० च्या खाली असेल तर व्होल्टेज वाटेत कुठेतरी पडतोय, आणि पहिला संशयित म्हणजे ड्रायव्हरच्या दारातला मेन स्विच. पुष्कळ जुन्या गाड्यांत बाकीच्या खिडक्यांचं अर्थिंगसुद्धा त्याच स्विचमधून जातं. त्यामुळे डाव्या दाराची काच मंद आणि दोष उजव्या दारात, असं होतं. स्विच उघडून काळे पडलेले संपर्क कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसले की काम भागतं. काच अर्ध्यावर थांबते आणि काही मिनिटांनी आपोआप चालते, हेही मोटर गेल्याचं लक्षण नाही. आतला उष्णता-कटआउट तिला जळण्यापासून वाचवतोय.

तेलाच्या सल्ल्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य. चॅनल रबर (काच ज्या खाचेत सरकते तिथलं रबर) कोरडं पडलं की काच जड होते आणि वंगणाने फरक पडतो. पण इंजिन ऑइल नाही. हे रबर बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराचं असतं. ऊन-पाऊस ते वर्षानुवर्षं झेलतं, खनिज तेलाने मात्र फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय आतल्या मखमली अस्तरात तेल आणि धूळ मिळून घासणारा लगदा तयार होतो, त्याचे उभे ओरखडे काचेवर उठतात. सुरुवातीला काच झपकन चढते, असले व्हिडिओ तेवढ्यावरच काढलेले असतात. खरं काम असं: काच खाली घ्या, पातळ पट्टीला कापड गुंडाळून साबणाच्या पाण्याने चॅनल पुसा, पूर्ण वाळू द्या, नळी लावून सिलिकॉन स्प्रेचे थोडे फवारे मारा, काच चार-पाच वेळा वर-खाली करा. ग्रीस फक्त दाराच्या आतल्या मशीनच्या पट्टीला, पुलींना आणि लोखंडी हातांना, तेही पांढरं लिथियम आणि पातळ थराने. रबर कडक होऊन कोपऱ्यात फाटलं असेल तर ते बदलाच.

मोटर काढण्याचा सल्ला देणाऱ्याने कात्री पद्धतीचं मशीन कधी उघडलेलं नसावं. त्यात काचेचं वजन तोलायला घड्याळासारखी गुंडाळलेली जाड स्प्रिंग असते आणि दातेरी चकतीला मोटरचा गिअरच अडवून धरतो. मोटर सुटली की तो लोखंडी हात फटक्याने फिरतो आणि दात्यांमध्ये बोट सापडतं. आधी काच वर करून चिकटपट्टीने फ्रेमला पक्की बांधा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि चकती व खालची प्लेट यांच्या आरपार ६ मिमीचा बोल्ट घाला. काही प्लेटांत त्यासाठी भोक दिलेलंच असतं, नसेल तर क्लॅम्प लावा. त्यानंतरच मोटरचा पहिला स्क्रू. केबलच्या मशीनमध्ये ही भीती नाही, पण केबल गुंडाळणारा ड्रम सुटला की केबल भसकन उलगडते, म्हणून ड्रम आधी बांधून घ्यायचा.

बुक्कीचा उपाय कधी कधी चालतो, हो. मोटरच्या आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून अडकले असतील तर धक्क्याने पुन्हा टेकतात. याचा अर्थ कार्बन बदलायची वेळ झाली, एवढाच.

'मशीन दुरुस्त होत नाही' हे सरसकट विधान चूक आहे. केबलच्या मशीनमध्ये बहुधा काच धरणारा प्लास्टिकचा स्लायडर तडकतो (काच एका बाजूला कलते), पुली झिजते किंवा केबलच्या तारा सुटतात (कटकट आवाज येतो). पुष्कळ मॉडेलांना हे भाग सुटे किंवा किटमध्ये मिळतात. मोटर घरघरते पण काच हलत नाही, तेव्हा केबल तुटलेली नसेल तर मोटरमधला नायलॉनचा गिअर बघा. ड्रमचं घर फुटलं असेल किंवा दातेरी चकतीचे मधले दाते झिजले असतील, तर मात्र मशीन बदला. बोल्ट सोडण्याआधी त्यांच्या जागा मार्करने आखून ठेवा, कारण भोकं लांबट असतात. बसवताना बोल्ट सैल ठेवून काच पूर्ण वर न्या, ती चॅनलमध्ये नीट बसली की मग आवळा.

आणि तो प्लास्टिकचा कागद. काचेवरून पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळच्या भोकांतून बाहेर जातं, दारांची रचनाच तशी आहे. कागद नसला तर तेच पाणी डोअर पॅडच्या पुठ्ठ्यात मुरतं आणि कपलरवर ठिबकतं. तो फाडायचा नाही, चिकट काळा पट्टा हळूच सोडवून काढायचा आणि त्याच जागी परत दाबून लावायचा. पट्टा वाळला असेल तर नवा ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा, खालच्या कडेला फट ठेवू नका.