एक्सलचं भाडं

कराड ते सातारा माझं वडाप जीपचं भाडं ८० रुपये झालं. माझ्या एक्सलचं, म्हणजे जीपच्या मागच्या दोन चाकांमधल्या आडव्या सांगाड्याचं, २००. "टपावर दोन माणसांची जागा खातोय आन् वजनाला पाच माणसांचा हाय, म्हंजे तुमाला सोडूनच दिलंय मालक," असं ड्रायव्हर म्हणाला. वर उपकार केल्यासारखा चेहरा. गेल्या रविवारची गोष्ट आहे, अजून डोक्यातून जात नाही.

आधीचं थोडक्यात सांगतो. माझ्याकडे १९८९ सालची एमएम ५४० जीप आहे. तिला मी मोठे टायर घातले. का घातले, याची मी लोकांना आजवर जी कारणं सांगितली ती सगळी खोटी होती; मोठ्या टायरांवर जीप रुबाबदार दिसते, एवढंच खरं. परळी खोऱ्यातल्या एका ओढ्यात मागचं उजवं चाक दोन दगडांच्या मधे बसलं. मी जोर लावला. देवळातल्या घंटेसारखा 'टण्ण' आवाज झाला आणि चाक ड्रमसकट सुटून शेजारी कललं. एका बैलजोडीनं जीप बाहेर ओढली. बैलांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. बैलवाल्यानं मात्र वाट्टेल तितक्या वेळा पाहिलं.

गोडोलीतल्या आमच्या मेस्त्रींनी तुटलेला तुकडा हातात घेऊन भिंगातून पाहावा तसा पाहिला. जुन्या जीपच्या मागच्या एक्सलचा शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा आतला दांडा, टोकाला निमुळता असतो, त्यात चाक अडकवणाऱ्या चावीची खाच असते आणि त्या खाचेवर सगळा जोर येतो. तिथंच तडा गेला होता. "मालक, एक्सल तुटला न्हाय. तुमी तोडला," मेस्त्री म्हणाले. त्यांचं मत असं की आहे तसाच नवा शाफ्ट घालावा, टायर पूर्वीचे बारके घालावेत आणि ओढ्यात जोर लावायची हौस आवरावी. तीन वाक्यांत विषय संपत होता.

पण माझ्या एका मित्रानं फोनवर 'फुल फ्लोटिंग' हा शब्द उच्चारला होता आणि तो माझ्या डोक्यात घर करून बसला होता. आपल्या जीपला जो असतो तो सेमी फ्लोटिंग. म्हणजे शाफ्टनं चाक फिरवायचं आणि गाडीचं वजनही त्यानंच पेलायचं. फुल फ्लोटिंगमध्ये वजन हाऊसिंगवर, म्हणजे बाहेरच्या नळकांड्यावर, शाफ्टला फक्त फिरवायचं काम. शाफ्ट तुटला तरी चाक जागच्या जागी. हे मी मेस्त्रींनाच समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण.

"बसवू की," ते म्हणाले. "पाट्याच्या बैठका कापून नव्या वेल्डिंग कराय लागतील, प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागंल. चाकाला पाचाचे सहा बोल्ट होतील, म्हंजे स्टेपन्या दोन ठेवा, पुढची येगळी, मागची येगळी. आन् मागं दणकट झालं की पुढच्या खेपंला प्रोपेलरचा क्रॉस तुटंल. क्रॉस दणकट घातला की गिअरबॉक्स." मी मान डोलावत होतो. लग्न ठरल्यावर पोरगा डोलावतो तशी. "ते सगळं ऱ्हाऊ द्या, एक करा. दात मोजून आणा. क्राऊन म्हंजे मोठं चक्र, त्याचे ४३, त्याला फिरवणारं बारकं पिनियन, त्याचे ८. पुढच्या एक्सलला तेच हायेत. पुढं-मागं फरक पडला आन् फोर व्हील टाकलं, की पुढची चाकं एक म्हणणार, मागची दुसरं. भावाभावाच्या वाटणीत वकील तरी जगतो, हितं मधला गिअरबॉक्स मरतो." मी निघालो तेव्हा मागून आणखी ओरडले, "पयल्या दाताला खूण करा!"

ही शेवटची सूचना मला अपमानास्पद वाटली. मला मोजता येतं.

कराडच्या एका भंगारवाल्याकडे टेम्पोखालून निघालेला फुल फ्लोटिंग एक्सल पडला होता. त्यानं मागचं झाकण उघडून दिलं, मी पिनियन हातानं फिरवत दात मोजायला लागलो. जुन्या नव्वद नंबर ऑइलचा नासका वास येत होता आणि माशा घोंघावत होत्या. मी एकतीसवर असताना त्याला फोन आला. "पस्तीसच्या खाली परवडत नाही!" तो दोनदा ओरडला. मी आपला मोजत राहिलो. बरोब्बर ४३ भरले, तेव्हा मी आनंदानं मोठ्यानं "त्रेचाळीस!" म्हणालो. पिनियनचे ८ नंतर मोजले, त्याला काय, दोन हातांवर मावतात. १८,००० रुपये दिले. पिकअप असलेल्या त्याच मित्राला फोन लावला. उचलला नाही.

म्हणून वडाप. वडाप म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं: जी जीप भरली की सुटते, आणि जी कधीच भरत नाही. माझ्या जीपचीच ती थोरली चुलत बहीण, फक्त अंगानं लांब आणि संसारात पिचलेली. हाऊसिंग चौघांनी मिळून टपावर चढवलं, झाकण दोन बोल्टवर लटकत होतं. फुल फ्लोटिंगची एक सोय अशी की बाहेरचे बोल्ट सोडले की शाफ्ट सरळ ओढून काढता येतो, चाकही उतरवावं लागत नाही. ते दोन्ही शाफ्ट मी पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक आजी होत्या. उंब्रजपर्यंत त्या पोत्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मग राहवेना.

"समया हायेत व्हय?"

खरं सांगायचं तर दिसत तशाच होत्या. लांब दांडा आणि एका टोकाला थाळीसारखी चकती.

"नाही आजी, गाडीचे एक्सल आहेत."

"पितळंच्या का?"

"लोखंडाचे."

"लोखंडाची समई कुटं आसती रं बाळा? फशीवलं तुला." त्यांनी चकतीवर बोट टेकवून बोल्टची भोकं मोजली. "आन् वाती ह्या भोकांत घालायच्या व्हय? केवड्याला?"

मी आकडा हळू आवाजात सांगितला. तरी तो ड्रायव्हरनं ऐकला. आरशातून त्याचे डोळे माझ्यावर आले आणि रस्त्यावर परत जायला तयार होईनात. सातारा-कराड रस्त्याचं रुंदीकरण चाललंय. कधीपासून ते विचारू नका, आमच्याकडे पोरं त्या डायव्हर्जनवर सायकल शिकली. अशा ठिकाणी ड्रायव्हरनं आरशात बघत गाडी चालवावी, हे मला आवडत नाही.

"तुटला म्हणून घेतला का, मालक?"

"हो."

"किती माणसं व्हती गाडीत?"

"मी एकटाच होतो."

जीपमध्ये शांतता पसरली. पुढच्या सीटवरचे चौघे वळले, मागचे आठ आधीच बघत होते. पायरीवर लोंबकळणाऱ्या पोरानंही डोकं आत घातलं.

"एकटंच?" ड्रायव्हरनं डॅशबोर्डवर थाप मारली. "हिच्यात सतरा बसत्यात. वर कांद्याची पोती. बारा वर्सं झाली, एक्सलला पाना लावला न्हाय. आन् तुमी एकटं?"

"सायबांचं वजन बी बघा की," मागून कुणीतरी म्हणालं. हसण्यानं गाडी हलली. मी सत्तर किलोचा माणूस आहे, हे सांगावंसं वाटलं, पण शाफ्ट मांडीवर असल्यानं नीट वळता येईना.

मग एक निवृत्त गुरुजी बोलले. त्यांचा एक पाय गाडीत होता, दुसरा जवळजवळ महामार्गावर. "गाडीत असा फेरबदल करता येत नाही. मोटार वाहन कायदा, कलम ५२." नऊ माणसांच्या गाडीत सतरावा माणूस मला कलम सांगत होता, आणि सगळे माना डोलावत होते. कायद्याचं असंच आहे, तो दुसऱ्याच्या गाडीला लगेच बसतो.

मी समजावून सांगायला गेलो. मोठं चाक म्हणजे लांब दांड्याचा पाना, तेवढा पीळ शाफ्टला जास्त. चाक घसरत असताना अचानक दगडाला धरलं की तो पीळ एका झटक्यात येतो. तुमची गाडी डांबरावर चालते, सतरा काय वीस बसवा, झटका नाही. ड्रायव्हरनं शांतपणे ऐकलं.

"मग बारकं टायर घाला की."

माझा राग येतो तो इथं. मला गाडीची माहिती नाही असं नाही, उलट फार आहे. मला कुणी काही शिकवू नये असंही माझं म्हणणं नाही. पण आमच्याकडे घेण्याआधी कुणी तोंड उघडत नाही. 'जीपला दणकट एक्सल घालतोय' असं मी दोन महिने सांगत फिरत होतो, तेव्हा प्रत्येकानं "व्वा! फोटो टाक," म्हटलं. पैसे दिल्यावर मात्र सातारा जिल्ह्यातला प्रत्येक माणूस मेस्त्री होतो. आणि ज्यानं 'फुल फ्लोटिंग' हा शब्द माझ्या कानात सोडला, तो फोन उचलत नाही. त्याचा पिकअप त्या दिवशी घरासमोरच उभा होता. मी नंतर त्याच्या गल्लीत जाऊन चौकशी केली. असो.

नागठाण्याला आजींना उतरायचं होतं, ड्रायव्हरला चहा हवा होता. चहाचा घोट घेत तो सहज म्हणाला, "दात मोजलं का?"

"मोजले. त्रेचाळीस."

"खूण केलती का?"

मी काही बोललो नाही. तो चहा ठेवून टपावर चढला. मीही चढलो. झाकण बाजूला सारल्यावर खुणेला काही सापडेना, तेव्हा खालून आजींनी चंची सोडून चुन्याची डबी वर दिली. बोटभर चुना पहिल्या दातावर लागला. काळ्या तेलकट क्राऊनवर तो पांढरा ठिपका बघताना पहिल्यांदा माझ्या पोटात कालवलं. मी पिनियन फिरवत होतो, ड्रायव्हर मोजत होता. दहापर्यंत तो एकटा होता. विसापर्यंत पायरीवरचं पोरगं सामील झालं. पंचवीसला गुरुजींनी सूर लावला, तिसाच्या पुढं सगळी वडाप आणि चहावाला मिळून आरतीसारखं मोजत होते. एकतीस. बत्तीस. तेहतीस. बत्तीस कानावर पडलं आणि माझा हात जड झाला, कारण हा आकडा कराडला मी म्हटल्याचं मला आठवेना. मी एकतीसवर होतो. भंगारवाला फोनवर 'पस्तीसच्या खाली नाही' म्हणाला. आणि मी पुढं छत्तीस म्हटलं होतं.

"एकोणचाळीस!" चुना परत वर आला.

खाली आजी बोळक्या तोंडानं हळहळल्या, "चार दात पडलं व्हय रं?"

३९ भागिले ८ म्हणजे ४.८८. पुढं माझे ४३ भागिले ८, म्हणजे ५.३८. पुढची चाकं शंभर फेरे घेईपर्यंत मागच्यांना एकशेदहा घ्यायचेत, तेही एकाच जीपखाली. मी तिथूनच भंगारवाल्याला फोन केला. "साहेब, तुम्हीच मोजलेत. त्रेचाळीस म्हणून मोठ्यानं बोललात, गड्यांनीसुद्धा ऐकलं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तर जास्त लागला.

आजी निघून गेल्या, डबी मागून घेऊन. ड्रायव्हर टपावरच उकिडवा बसून हाऊसिंगवरून हात फिरवत होता. बैलबाजारात फिरवतात तसा.

"अकरा हजार देतो."

"तुम्हाला कशाला? तुमच्या एक्सलला तर बारा वर्षं पाना लागला नाही."

"म्हणून तर. तुटायच्या आदी घ्यावा, तुटल्यावर महाग मिळतो. आन् आमची मागचीच दोन चाकं वढत्यात, पुढच्यांना नुसतं वळायचं काम. दात किती, कोन इचारतो? माझ्या हिला त्रेचाळीस हायेत, एकोणचाळीसनं पळंल बी जरा."

मी खांबासारखा उभा राहिलो. "त्रेचाळीस? मग तुमचा निघेल तो मला द्या!"

"त्यो न्हाय द्यायचा," तो दुखावल्यासारखा म्हणाला. "बारा वर्सं पाना लागला न्हाय त्याला."

साताऱ्यात पोवई नाक्यावर त्यानं अकरा हजार मोबाइलवर पाठवले. सात हजाराला मी काय घेतलं, याचा हिशेब मला घरी द्यायचा होता, तेव्हा निदान एक गोष्ट तरी पदरात पडावी म्हणून मी म्हणालो, "एक्सल आता तुमचा. त्याचे २०० तेवढे परत करा."

"नागठाण्यापातुर तुमचाच व्हता की." त्यानं बोटांवर हिशेब केला. "नागठाणं ते सातारा, ७० रुपये निघत्यात तुमचं. ह्ये घ्या." नोटा माझ्या हातात आल्या. मी शाफ्टचं पोतं त्याच्या हवाली केलं. त्यानं ते उचलून बघितलं, थबकला, आणि माझ्या हातातल्या नोटा अलगद परत काढून घेतल्या.

"ह्ये दोन मांडीवर बसून आलं. ह्येंचं भाडं लावायचंच ऱ्हायलं व्हतं."