कादिरोव्हवाला मेसेज फॉरवर्ड करू नका

ग्रुपवर फिरतंय की चेचन्या हा स्वतंत्र देश आहे, आणि बाप मारला गेल्यावर लोकांनी २७ वर्षांच्या रमझान कादिरोव्हला मतं देऊन लगेच राष्ट्राध्यक्ष केला. दोन्ही चूक आहे.

चेचन्या रशियाचाच भाग आहे (स्वतःची घटना, अध्यक्ष आणि संसद असलेलं प्रजासत्ताक), बजेटचा मोठा हिस्सा मॉस्कोतून येतो. रमझानचे वडील, तेव्हाचे चेचन्याचे अध्यक्ष अखमद, ९ मे २००४ला राजधानी ग्रोझनीच्या स्टेडियममधल्या स्फोटात गेले, त्याच दिवशी रमझान ट्रॅकसूटवरच क्रेमलिनमध्ये पुतिनना भेटला, तो फोटो बघून लोकांना वाटतं की गादी तेव्हाच मिळाली. पण मिळालं चेचन्याचं उपपंतप्रधानपद, कारण तिथल्या घटनेत अध्यक्षाचं वय किमान ३० लागतं आणि ह्याचा जन्म ऑक्टोबर १९७६चा, तुम्हीच हिशोब करा. मधे अध्यक्ष होते अलू अल्खानोव्ह. रमझान २००६ला तिशीचा झाला, फेब्रुवारी २००७ला अल्खानोव्हनी राजीनामा दिला (किती जुळून आलं बघा), पुतिननी ह्याचं नाव पुढे केलं आणि मार्चमध्ये तिथल्या संसदेने शिक्का मारला. जनतेचं मतदान थेट २०१६ला, तेही ९७ टक्क्यांच्या वर, आता त्याला निवडणूक म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी प्लीज डिलीट करा, आणि पाठवायचंच तर हे पाठवा.