आधी पाटी लावा, मग परवानगी मागा

काल सायंकाळी, कार्यालये बंद होण्याच्या वेळेस, माझा जीएसटी नोंदणीचा अर्ज नामंजूर झाल्याचा संदेश आला. कारण काय, तर अर्जदाराने दुकानाच्या पाटीसमोर उभे राहून काढलेले छायाचित्र जोडलेले नाही. ज्या दुकानाला नंबर मिळावा म्हणून हा अर्ज केला, त्याच दुकानाची पाटी मी आधी रंगवून घ्यायची, ती भिंतीवर ठोकायची, तिच्याखाली हसऱ्या चेहऱ्याने उभे राहायचे, आणि मग कोठे साहेबांची खात्री पटणार की ही बाई खरोखरच मसाले विकणार आहे. नोंदणी झाल्यावर नंबर पाटीवर लिहिणे बंधनकारक आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणजे आज रंगवलेली पाटी उद्या पुन्हा रंगाऱ्याकडे जाणार. त्याचा धंदा मात्र माझ्या आधी सुरू झाला.

माझा संताप छायाचित्राने झालेला नाही. ठरलेल्या यादीबाहेरचे काही उगाच मागू नये, असे सरकारनेच लिहून ठेवले आहे, आणि ते मी वाचलेले आहे, म्हणून तो झालेला आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने 17 एप्रिल 2025 रोजी आपल्या अधिकाऱ्यांसाठी एक सूचनापत्र काढले. जागा स्वतःची असेल तर घरपट्टीची पावती, वीजबिल यांसारखा कोणताही एकच पुरावा पुरेसा समजावा; यादीबाहेरचे कागद हवेच असतील तर आधी वरिष्ठांची मंजुरी घ्यावी; आणि अंदाजावर आधारलेल्या शंका काढत बसू नये. इतक्या स्वच्छ शब्दांत सरकार क्वचितच बोलते. जागा पती-पत्नीची किंवा नातेवाइकाची असेल तर साध्या कागदावरचे संमतिपत्र, संमती देणाऱ्याचे ओळखपत्र आणि मालकीचा एक पुरावा एवढ्यावर काम व्हावे, असेही त्यात आहे. साध्या कागदावर! हे शब्द मी वहीत उतरवून घेतले होते आणि त्यांखाली दोन रेघाही मारल्या होत्या.

माझी जागा सासूबाईंच्या नावावर आहे. सांगलीतल्या जुन्या घराची रस्त्याकडची खोली, जिच्यात पूर्वी सासऱ्यांची सायकल आणि गव्हाची पोती असत. घरपट्टी सासूबाईंच्या नावाने येते, वीजबिल मात्र अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावाने येते, जसे ते या राज्यातल्या निम्म्या घरांत कोणत्या ना कोणत्या दिवंगताच्या नावाने येत असावे. मी घरपट्टीची पावती जोडली, सासूबाईंचे आधार जोडले, त्यांच्या थरथरत्या सहीचे संमतिपत्र जोडले. नोटीस आली की वीजबिलही द्या. वीजबिल दिले, तर वीजबिलावरचे नाव आणि घरपट्टीवरचे नाव जुळत नाही, म्हणून खुलासा करा. खुलासा केला, तर संमतिपत्र नोटरी केलेले नाही. सासूबाईंनी हे सर्व ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, ते गेले आहेत आणि मी जिवंत आहे, एवढे तरी त्यांना एकदा नीट सांग." तेच तर मी सांगत होते, तीन तीन पीडीएफ जोडून.

नोटरी म्हटले की स्टॅम्प पेपर आला, आणि स्टॅम्प पेपरचे नाव निघाले की माझे डोके फिरते. ऑक्टोबर 2024 पर्यंत जे काम शंभराच्या स्टॅम्पवर भागत होते, त्याला आता पाचशे मोजावे लागतात. साधा कागद पुरतो असे दिल्लीने म्हणायचे, गल्लीतल्या टेबलाने पाचशेचा स्टॅम्प मागायचा, आणि मधल्या पाचशे रुपयांबद्दल कोणीच काही बोलायचे नाही. "आमच्याकडे अशीच पद्धत आहे मॅडम," हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारले असेल, त्याला मी एक दिवस शोधून काढणार आहे.

आणि हे सातव्या दिवसाचे काय गौडबंगाल आहे? अर्ज आल्यापासून सात कामाच्या दिवसांत अधिकाऱ्याने काहीच केले नाही तर अर्ज मंजूर झाल्याचे मानले जाते, असा नियम आहे. नियम करणाऱ्याला वाटले असेल की यामुळे कामे झटपट होतील. प्रत्यक्षात काय होते, तर सहा दिवस अर्जाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही आणि सातव्या दिवशी सूर्य मावळण्याच्या बेतात असताना एक शंका काढली जाते. मग उत्तर द्यायला माझे सात दिवस, उत्तर वाचायला त्यांचे पुन्हा सात, आणि त्याही सातव्याच्या सायंकाळी "उत्तर समाधानकारक नाही". नोव्हेंबर 2025 पासून म्हणे कमी जोखमीच्या अर्जदारांना तीन कामाच्या दिवसांत नोंदणी मिळते. कोण कमी जोखमीचे, हे संगणक ठरवतो. त्या संगणकाला माझ्या गोडा मसाल्यात कोणती जोखीम दिसली, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. दगडफूल जास्त पडले का?

येथे कोणी तरी शहाणा विचारेलच की वर्षाला चाळीस लाखांच्या आतली उलाढाल असताना जीएसटीच्या वाटेला जायचेच कशाला. आमच्या भावजींनीही तेच विचारले, चहा पिता पिता. कारण बेंगळुरूला राहणाऱ्या मराठी मंडळींनी मसाला मागवला आहे, भावजी, आणि परराज्यात माल विकायचा असेल तर ती मर्यादा लागू होत नाही, पहिल्या डब्यापासून नोंदणी लागते. पुण्याला कितीही पाठवा, चालते. निपाणीला एक किलो पाठवायचा तर सरकारदरबारी खाते उघडा. निपाणी आमच्यापासून पुण्याच्या निम्म्याही अंतरावर नाही.

नोटिशीला दिलेल्या उत्तराबद्दलही सांगितले पाहिजे, कारण तेवढ्यापुरती मी स्वतःच हास्यास्पद झाले होते. उच्च न्यायालयात रिट दाखल करावी अशा थाटात मी उत्तराचा मसुदा केला होता. सूचनापत्राचा क्रमांक, दिनांक, परिच्छेद, "सबब", "उपरोक्त", सर्व काही. रात्री यजमानांना समोर बसवून तो मोठ्याने वाचून दाखवला, आणि दुसऱ्या परिच्छेदाला त्यांचा डोळा लागला हे पाहून त्यांच्यावरही तोंडसुख घेतले. सकाळी संकेतस्थळ उघडले तर उत्तराच्या चौकटीत मोजकीच अक्षरे मावत होती. माझी चौकट "आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की" येथपर्यंतच भरली. लेक म्हणाली, "आई, तू धंदा काढते आहेस की खटला?" तेव्हा मला हसू आले, पण फार वेळ नाही, कारण छायाचित्राची फाइल शंभर केबीच्या आत बसत नव्हती आणि ती लहान करता करता माझा चेहरा चोरीच्या गुन्ह्यातल्या संशयितासारखा दिसू लागला होता.

बँकेचे दुखणे याच्या आधीचे, आणि ते अजून ठसठसते. एकाच मालकाच्या व्यवसायाचे चालू खाते उघडायला व्यवसायाच्या नावाचे दोन पुरावे लागतात, आणि दोन देणे खरोखर शक्य नसेल तर बँकेने खातरजमा करून एकावरही खाते उघडावे, अशी रिझर्व्ह बँकेचीच मुभा आहे. माझ्याकडे दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना दिल्याची पोचपावती होती. 2017 च्या कायद्याने लहान दुकानांना नोंदणीच्या कटकटीतून सोडवले, दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसती सूचना द्या म्हटले. चांगला, समजूतदार कायदा आहे. त्या पावतीचा प्रिंट मी शाखेत टेबलावर ठेवला. समोरच्या तरुणाने तो उलटून पाहिला (मागे काहीच नव्हते), पुन्हा सुलटा केला आणि म्हणाला, "ही तर नुसती सूचना आहे, गुमास्ता परवाना आणा." अहो, तो परवाना आता लहान दुकानाला देतच नाहीत. "मग जीएसटी आणा." म्हणजे शासनाने मला ज्या कागदातून मुक्त केले, तो नसल्याबद्दल बँकेने मला अडवले. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी सहानुभूतीने मान हलवली. त्यांच्या हातातही तोच प्रिंट होता.

लहान उद्योगांसाठीच्या उद्यम नोंदणीबद्दल मात्र तक्रार करता येत नाही. पैसे नाहीत, कागद चढवायचे नाहीत, स्वयंघोषणा करा आणि प्रमाणपत्र घ्या. 1 जुलै 2020 पासून हे असेच चालू आहे. फक्त शोधायला गेलात की खरे सरकारी संकेतस्थळ सापडण्याआधी त्याच्यासारखीच दिसणारी खाजगी दुकाने तुम्हाला गाठतात आणि फुकटच्या गोष्टीचे पैसे मागतात. प्रमाणपत्र हाती पडले आणि दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू झाले: "मॅडम, बिझनेस लोन हवे आहे का? आयएसओ काढायचे आहे का? ट्रेडमार्क?" साऱ्या जगात फक्त या मंडळींनाच माझा व्यवसाय सुरू झाल्याचे मान्य आहे. त्यांनी माझ्याकडे पाटीचे छायाचित्र मागितले नाही.

व्यवसाय कराचेही तसेच. एक रुपयाची विक्री नसताना वर्षाचे अडीच हजार रुपये भरायचे, त्याची नोंद मात्र विनातक्रार झाली. वीजबिल कोणाच्या नावावर आहे, सासरे हयात आहेत की नाहीत, असले काहीही त्या खिडकीला जाणून घ्यायचे नव्हते. पैसे घेणारी खिडकी आणि परवानगी देणारी खिडकी यांची दृष्टी इतकी वेगळी कशी असते?

मला नियमांचा तिटकारा आहे असे कोणी समजू नये. उलट मी फारच नियमवेडी आहे, असे घरचे म्हणतात. अन्नसुरक्षेची नोंदणी मी सर्वांत आधी काढली. तोंडात जाणारी वस्तू विकणाऱ्यावर कोणाचे तरी लक्ष असलेच पाहिजे. वजनमापे तपासणाऱ्या वैधमापन खात्याकडून काट्याला शिक्का मारून घेतला, आणि काटा इलेक्ट्रॉनिक असल्याने तो दरवर्षी घ्यावा लागणार हेही मान्य केले. डब्यावरच्या वेष्टनावर निव्वळ वजनाचे आकडे किती मिलिमीटर उंच असावेत हे 2011 च्या नियमांत लिहिलेले आहे. मी पट्टी घेऊन मोजले आणि छापखान्यातल्या माणसाला दुसऱ्यांदा लेबल काढायला लावले. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. पाटी मराठीतच असणार, त्यासाठी मला कोणी कायदा दाखवण्याची गरज नाही. पुस्तकात लिहिलेले सर्व मी करते. पुस्तकात नसलेले, एखाद्याच्या टेबलाच्या खणातून निघालेले नियम मला पाळायला लावू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि कृपा करून "आता सगळे ऑनलाइन झाले आहे हो, घरबसल्या होते" हे वाक्य माझ्यासमोर कोणी उच्चारू नये. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत भारत काही वर्षांत 142 वरून 63 व्या क्रमांकावर आला तेव्हा पेढे वाटल्यासारखे वातावरण होते. ती पाहणी मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवरून होत असे, सांगलीच्या गल्लीत कोणी पाहायला आले नव्हते. आणि आकडेवारीतले घोळ उघड झाल्यावर 2021 मध्ये तो अहवालच बंद करण्यात आला. ऑनलाइन झाले म्हणजे एवढेच झाले की पूर्वी साहेब जागेवर नाहीत हे शिपाई तोंडावर सांगत असे आणि आता साहेब कोण आहेत हेच कळत नाही. पूर्वी निदान भांडायला एक चेहरा होता.

आज सकाळी एका कर सल्लागारांनी, कोणाकडून तरी माझी कहाणी ऐकून, फोन केला. "ताई, हेच कागद माझ्याकडे द्या. पाटी नको, नोटरी नको. माझी फी वेगळी, आणि वर थोडे जे काय असते ते. चार दिवसांत नंबर." हेच कागद! ज्या घरपट्टीने जागेची मालकी सिद्ध होत नाही, तीच त्यांच्या हातातून गेली की सिद्ध होणार. सासऱ्यांच्या नावाचे वीजबिलसुद्धा चालणार, बहुधा ते स्वतः येऊन सही करून जातील. "वर थोडे" म्हणजे किती, हे मी विचारले नाही, कारण विचारले असते तर माझ्या तोंडून जे निघाले असते ते लेकीसमोर बोलण्यासारखे नव्हते.

नामंजूर अर्जाला दुरुस्ती नसते, सर्व पुन्हा पहिल्यापासून भरायचे असते. ते मी आज रात्री भरणार आहे, आणि या वेळी जोडायच्या कागदांत पहिला कागद 17 एप्रिलच्या त्या सूचनापत्राचा असेल, साध्या कागदाच्या वाक्याखाली लाल रेघ मारून. बेंगळुरूच्या मंडळींना कळवले आहे की मसाला तयार आहे, दिवाळीपर्यंत मिळेल. कोणत्या दिवाळीपर्यंत, हे त्यांनी विचारलेले नाही.