जगाचं एकच सरकार आलं तर कांदेवाल्यानं दाद कुठं मागायची?

युद्धाच्या बातम्या बघून बरेच मित्र लिहितायत की आता जगाचं एकच सरकार पाहिजे, सीमा नको, सैन्य नको, पासपोर्ट नको. भावना कळते मला. आणि ही कल्पना काही हवेतली नाही, 8 ऑगस्ट 1942 च्या छोडो भारत ठरावातसुद्धा स्वतंत्र राष्ट्रांचा जागतिक संघ व्हावा असं लिहिलंय, तेही आपण स्वतः पारतंत्र्यात असताना. तरी मला असं सरकार नकोय, आणि का नकोय ते आपल्या नाशिक जिल्ह्यातच दिसतं.

कांद्याचं घ्या. 8 डिसेंबर 2023 ला केंद्रानं निर्यातबंदी केली, कारण शहरात कांदा महागायला नको. तेव्हा मार्केटला लाल कांदा होता, तो काही उन्हाळ कांद्यासारखा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरून ठेवता येत नाही, काढला की विकावाच लागतो, म्हणजे शेतकऱ्याला थांबायची सोयच नव्हती. लासलगाव, पिंपळगाव, सगळीकडं भाव कोसळले, लिलाव बंद पडले, चांदवडला हायवे अडवला. त्यात एप्रिलमध्ये गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि इथला माणूस अजूनच पेटला. बंदी उठली 4 मे 2024 ला, आपल्याकडं मतदान होतं 20 मे ला. दिंडोरीत केंद्रात मंत्री असलेल्या उमेदवार पडल्या. कांदा हे एकमेव कारण नसेलही, पण निफाड-चांदवडच्या कुठल्याही पारावर विचारा, पहिलं नाव कांद्याचंच निघेल.

म्हणजे दिल्लीला जाग आणायला पाच महिने आणि एक लोकसभा निवडणूक लागली. आता हाच निर्णय जागतिक सरकार घेतंय असं समजा. जगाची लोकसंख्या 800 कोटींच्या वर गेली, हजार खासदारांची संसद केली तरी एका खासदारामागं 80 लाख लोक. आख्खा नाशिक जिल्हा 2011 च्या जनगणनेत 61 लाखांचा आहे. मालेगावपासून इगतपुरीपर्यंत सगळे एकत्र आले तरी एक खासदार पूर्ण आपला नाही! मग तिथं लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यातला फरक कोण कुणाला सांगणार आणि कोण ऐकणार?

आणि जागा वाटायच्या कशा, हे तर कोणी बोलतच नाही. लोकसंख्येवर वाटल्या तर भारत आणि चीन मिळून तिसऱ्या हिश्श्याच्या वर जातात, अमेरिका-युरोप ते कधीच मान्य करणार नाहीत. देशाला एक मत दिलं तर अकरा हजार लोकांचा तुवालू आणि 140 कोटींचा भारत सारखे, जसं आज संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आहे. आपल्या एका देशात लोकसभेच्या राज्यवार जागा अजून 1971 च्या लोकसंख्येवर गोठवून ठेवल्यात, कारण त्याला हात लावला की दक्षिणेतली राज्यं भडकतात. एका देशात पन्नास वर्षं जे सुटलं नाही ते 193 देशांत सुटेल असं मला वाटत नाही.

पण माझी खरी भीती वेगळीच आहे. समजा आलं असं सरकार आणि ते बिघडलं, तर पळून जायचं कुठं? 21 डिसेंबर 1909 ला नाशकात विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या, त्या प्रकरणात सावरकरांना लंडनहून बोटीनं आणत असताना 8 जुलै 1910 ला त्यांनी मार्सेलिसला समुद्रात उडी मारली. त्यांच्या विचारांबद्दल तुमचं मत काहीही असो, उडी मारण्यात अर्थ होता कारण किनारा दुसऱ्या देशाचा होता. ब्रिटिशांनी त्यांना तिथून परत नेलं, फ्रान्सनं हरकत घेतली, प्रकरण हेगच्या लवादाकडं गेलं आणि 24 फेब्रुवारी 1911 ला निकाल लागला की पकडण्यात अनियमितता झाली खरी, पण परत द्यायचं बंधन ब्रिटनवर नाही. साम्राज्यांच्या पंचायतीत साम्राज्याच्या कैद्याला काय मिळतं ते यात दिसतं. तरी निदान भांडायला फ्रान्स तरी होता. 1959 ला दलाई लामांना भारत होता, 1971 ला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या जवळपास कोटभर लोकांना भारत होता. एकच सरकार असेल तर जगाला बाहेरच उरत नाही.

मग सगळे देश आपापले, असं पण मी म्हणत नाहीये. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेलं तिकीट लावलेलं पत्र ब्राझीलचा पोस्टमन घरपोच देतो, कारण 1874 पासून टपालापुरता जगाचा एक करार आहे. एकाच विषयापुरता, पण पक्का. घरचं उदाहरण गोदावरीवर आपल्या खाली, पैठणला असलेल्या जायकवाडी धरणाचं. 2005 च्या कायद्याखाली 2014 ला नियम ठरला की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. गंगापूर-दारणातून पाणी सुटलं की आपल्याकडं आंदोलनं होतात, बऱ्याच जणांना हा नियम अन्याय वाटतो, हायकोर्टात पण गेले, पण पाणी सुटतं. पैठणच्या शेतकऱ्याला नाशिकच्या पालकमंत्र्यांच्या मर्जीवर राहावं लागत नाही, आणि त्यासाठी नाशिक आणि संभाजीनगरची महापालिका एक करावी लागली नाही.

जगात मला हेच हवंय, आणि सगळ्यात आधी हवामानासाठी. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाडला गारपिटीत द्राक्षबागा झोपल्या, घडात पाणी भरून मणी तडकले. अशी एकेक गारपीट कुणामुळं झाली हे दाखवता येत नाही, पण जग तापतंय आणि ते कुणाच्या धुरानं जास्त तापलं हे माहितीये, आणि निफाडचा बागायतदार त्यात कुठंच बसत नाही. ओझोनचा थर विरवणाऱ्या वायूंवरचा 1987 चा मॉन्ट्रियल करार चालला, कारण त्यात गरीब देशांना पैसा होता आणि बाहेर राहणाऱ्या देशाशी त्या वायूंचा व्यापार बंद होता, शेवटी सगळ्या देशांनी सही केली. हवामानाच्या 2015 च्या पॅरिस करारात मोडणाऱ्याला काहीच शिक्षा नाही. अमेरिका 2020 ला बाहेर गेली, 2021 ला आत आली, 2025 ला परत बाहेर जातो म्हणाली, कुणी काही करू शकलं नाही. त्या करारात मॉन्ट्रियलसारखी व्यापाराची अट घाला, नुकसान झालेल्या शेतकऱ्यापर्यंत पोचेल असा निधी घाला, आणि सुरक्षा परिषदेतला पाच देशांचा नकाराधिकार काढायला भारतानं दरवर्षी भांडावं, नुसती स्वतःला कायमची खुर्ची मागू नये. जागतिक सरकारच्या बाजूनं जे मित्र लिहितायत त्यांनी यातलं काय चुकतंय ते कमेंटमध्ये जरूर सांगा, आणि जागा कशा वाटायच्या ते पण.