मिरीच्या गावात माझा गुडघा

अमेरिकेत लेकीकडे राहायला गेलं की शनिवार-रविवार आपले राहत नाहीत. परवा तिने सेलमला नेलं. बॉस्टनहून अर्ध्या तासाची लोकल. "बाबा, अख्खं गावच म्युझियम आहे!" ती म्हणाली, आणि माझा उजवा गुडघा तिथूनच ठणकायला लागला.

१६९२ साली या गावाने चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फासावर चढवलं. एका ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला तर दगडांखाली चिरडून मारलं. आता पोलिसांच्या गाडीवरसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण आहे. फाशी गेलेल्यांत ५ पुरुष होते, तरी गाडीवर बाईच! याबद्दल आमच्या हिने गावाला चार शब्द सुनावले. सुदैवाने मराठीत.

मग पीबॉडी एसेक्स म्युझियम. त्याचं मूळ १७९९ सालच्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीत. सभासद व्हायचं तर केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालून आलेला कप्तान पाहिजे, नाहीतर जहाजावरच्या मालाचा कारभारी. येताना परमुलखातल्या चमत्कारिक वस्तू आणायच्या आणि इथे मांडायच्या. म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या हॉलमधली शोकेसच की! काश्मीरचा शिकारा, सिंगापूरचा सिंह, कुणीतरी दिलेलं आणि उघडायची हिंमत न झालेलं गंगाजल. फक्त आमच्याकडे बघणाऱ्याला तिकीट नसतं, वर चहा मिळतो.

तीन तासांनी मला वस्तू दिसेनाशा झाल्या, फक्त बाकं दिसायला लागली.

पण लेकीने 'हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स'चीही तिकिटं काढून ठेवली होती. घर १६६८ चं. "राज्याभिषेकाच्या सहा वर्षं आधीचं," हिने झटक्यात हिशेब केला. या घरात धुरांड्याला चिकटून एक चोरजिना आहे. अंधारा, वळणावळणाचा, आणि जुन्या काळच्या माणसांच्या मापाचा. तेव्हाची माणसं बहुतेक दुपारी जेवून झोपत नसावीत. तिसऱ्या वळणावर मी थांबलो. म्हणजे पोट थांबलं, मी त्याच्याबरोबर होतो. मागे दहा-बारा गोरी माणसं अत्यंत सभ्यपणे खोळंबलेली. वरून हिचा आवाज आला, "अहो, श्वास सोडा! मुंजीत सोडमुंज झाल्यासारखे काय उभे राहिलात?" सोडमुंजीचा इथे काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही, पण हसू आलं, श्वास सुटला आणि मीही सुटलो.

जेवायला बंदराजवळ बसलो. एकेकाळी इथली जहाजं सुमात्राहून मिरी भरभरून आणायची आणि इथून ती युरोपातही जायची. कप्तानांचे वाडे त्याच पैशावर उठले. आणि समोर आलेलं सूप मात्र पार अळणी. हिने पर्समधून डबी काढली.

"आई, प्लीज, इथे नको!"

शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी मान वळवली. "व्हॉट इज दॅट?"

"पेपर," ही म्हणाली. "फ्रॉम कुडाळ. अवर ओन झाड."

आजीबाईंनी आपला वाडगा पुढे सरकवला.